कातळावरचं उतरवून घेताना

सोलापूरच्या पूर्वेला बोरामणीचं माळरान आहे. माळढोक आणि लांडगे यांच्या मागावर तिथं जाणाऱ्या वन्यजीव अभ्यासकांना अलीकडे गवतात दगडगोट्यांची एक मांडणी दिसली. पुरातत्त्वाच्या जाणकारांनी ती मोजायला घेतली, तेव्हा एकात एक असे पंधरा फेरे भरले. आत शिरायला एकच वाट, आणि ती गोल फिरत, मागे वळत, पुन्हा फिरत मध्याशी पोचते. चक्रव्यूहच तो. गोल चक्रव्यूह भारतात याआधीही सापडले होते, पण इतक्या फेऱ्यांचा नव्हता. तेरसारख्या पेठांमधून रोमशी व्यापार चालायचा त्या सातवाहन काळातला, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा तो असावा असा जाणकारांचा अंदाज आहे.

मी अकलूजचा, त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा. बातमी वाचून हरखलो, आणि मग बराच वेळ अस्वस्थ राहिलो. कारण त्या मांडणीतले दगड अगदी लहान. ट्रॅक्टरचा एक फाळ फिरला असता, किंवा कुणी शेताच्या बांधाला म्हणून चार पाट्या भरून नेल्या असत्या, तर दोन हजार वर्षांचं काम एका दुपारी संपलं असतं, आणि काय संपलं हे कुणाला कळलंही नसतं.

बातमी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र दुसराच एक चक्रव्यूह येत होता. तो गोव्याच्या दक्षिण भागात, जंगलात, कुशावती नदीच्या काठावर लाल जांभ्यात कोरलेला आहे. काही वर्षांपूर्वी मी तो पाहून आलो होतो. नीरेकाठी वाढलेल्या माणसाला दगड म्हणजे काळा पाषाण एवढंच ठाऊक असतं. घराचं जोतं काळं, देवळाची पायरी काळी, गावकुसाबाहेरचे वीरगळही काळेच. पायाखालचा अख्खा दगड तांबडा, आणि त्यावर बैल, हरणं, माणसं, मोर अशी दाटी, हे बघून मी तिथं नुसता उभा राहिलो होतो.

जागेला कुणी उसगाळीमळ म्हणतात, कुणी पणसायमळ. सांगे तालुक्यातल्या रिवण गावच्या परिसरात ती येते. हा भाग सह्याद्रीच्या पायथ्याचा. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला लोहखनिजाच्या खाणींनी पोखरलेले डोंगर, आणि मधून वाहणारी कुशावती, जी पुढे जुवारीला मिळते. नदीच्या अगदी काठाशी जांभ्याचा एक सपाट पाट आहे. चित्रं त्याच्यावर आहेत, भिंतीवर नाहीत. म्हणजे ती बघायची तर मान खाली घालावी लागते, आणि नीट बघायची तर गुडघे टेकावे लागतात.

मे १९९३ मध्ये डॉ. पी. पी. शिरोडकर तिथं पोचले. गोव्याच्या पुराभिलेख आणि पुरातत्त्व खात्याची धुरा तेव्हा त्यांच्याकडे होती. त्यांना वाट दाखवली ती स्थानिकांनी. आपण ‘शोध’ हा शब्द फार सहज वापरतो म्हणून हे ठासून सांगतो: गावातल्या लोकांना नदीकाठची ही चित्रं आधीपासून ठाऊक होती. शिरोडकरांचं काम वेगळं होतं, आणि ते मला त्याहून लहान वाटत नाही. जे गावाच्या ओळखीचं होतं ते त्यांनी नोंदीत आणलं. कुठं आहे, किती जागेवर आहे, काय काय आहे, कशात कोरलंय हे लिहून ठेवलं. सुमारे पाचशे चौरस मीटरांच्या त्या पाटावर शंभराहून जास्त आकृत्या आहेत.

महिनाही बघण्यासारखा आहे. कोकण-गोव्यात हे काम करायचं तर शिमग्यापासून मृग लागेपर्यंतचे दिवस हाती असतात. मे महिन्यात नदीचं पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं, काठ उघडा पडलेला असतो, गवत वाळून गेलेलं असतं. पुढं पंधरा दिवसांत पाऊस कोसळला की काठावर गाळ बसतो, शेवाळ धरतं, आणि पानांचा थर चढतो.

उघड्या माळावरचं कातळ नोंदणं आणि जंगलातलं नोंदणं यात फरक आहे, आणि तो मला तिथं गेल्यावरच कळला. कोरीवकामाला रंग नसतो. दगड जो, तोच खोबणीचा तळ. ती रेघ दिसते ती फक्त सावलीमुळं, आणि सावली पडायला उजेड तिरपा यावा लागतो. सकाळी सूर्य वर आल्यावरचा तासभर आणि संध्याकाळी कलल्यावरचा तासभर, एवढाच वेळ रेघ बोलते. दुपारी बारा वाजता त्याच पाटावर उभं राहिलात तर तांबड्या दगडाखेरीज काही दिसणार नाही. माळरानावर निदान ते दोन तास हक्काचे असतात. जंगलात नेमका तोच तिरपा उजेड झाडं अडवतात. जो थोडा गाळून येतो तो पानापानांतून, कवडशांनी येतो, आणि त्या कवडशांची नक्षी दगडावरच्या खऱ्या नक्षीत मिसळते. बैलाचं शिंग कोणतं आणि फांदीची सावली कोणती, हे क्षणभर कळत नाही. म्हणून झाडीतलं काम करणारे लोक बऱ्याचदा रात्र पडायची वाट बघतात. अंधारात दिवा जमिनीलगत धरला, की तो हवा तसा तिरपा उजेड आपल्या हातात येतो. एक जण दिवा घेऊन पाटाभोवती फिरतो, दुसरा बघत राहतो. एका बाजूनं दिसलेली रेघ दुसऱ्या बाजूनं हरवते, आणि जी कधीच दिसली नव्हती ती तिसऱ्या बाजूनं उठून येते.

त्याआधी साफसफाई, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं. पालापाचोळा हातानं उचलायचा, माती मऊ कुंच्यानं सारायची. तारेचा ब्रश नाही, खराटा नाही, आम्ल तर नाहीच नाही. खोबणीत झाडाचं मूळ शिरलेलं असलं तर ते ओढायचं नाही. मुळाबरोबर दगडाचा कपचाही निघतो. शेवाळाचंही तसंच. ते खरवडताना त्याखालचा, हजारो वर्षं उन्हापावसानं घट्ट झालेला वरचा थर खरवडला जातो, आणि हत्याराचे मूळ घाव, टोच्याचे ठोके, जे काही उरलं असेल ते त्या थरातच असतं.

मग दोऱ्या ताणायच्या. पाटावर मीटर-मीटरचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन आलेखाच्या कागदावर उतरवायचा. या कामाला दोन माणसं लागतात. एक जण वाकून मापं सांगतो, दुसरा काढतो, आणि थोड्या वेळानं दोघं जागा बदलतात, कारण एकच डोळा फार वेळ बघत राहिला की त्याला हवं ते दिसू लागतं. हल्ली याला फोटोग्रॅमेट्रीची जोड मिळाली आहे. एकाच दगडाचे वेगवेगळ्या कोनांतून शेकडो फोटो घ्यायचे, संगणक त्यांची सांगड घालून दगडाचं त्रिमिती रूप उभं करतो, आणि मग पडद्यावर सूर्य हवा तिकडून उगवता येतो. झाडी असो की ढग, अडत नाही. तरीही मला वाटतं, हातानं काढण्याला तोड नाही. कॅमेरा सगळंच टिपतो, भेगही आणि रेघही. माणसाला मात्र दर वेळी ठरवावं लागतं की ही भेग की रेघ, आणि ते ठरवण्यासाठी त्याला थांबावं लागतं.

आता खडूचं. कोरीवकामाचा फोटो उठून दिसावा म्हणून खोबण्या खडूनं किंवा चुन्यानं भरायची सवय जगभर होती, आपल्याकडे अजून आहे. फोटो छान येतो यात शंका नाही. पण खडू भरणारा माणूस त्या क्षणी निर्णय देत असतो. त्यानं भेगेतून खडू ओढला तर हरणाला पाचवा पाय फुटतो. तो फोटो छापला जातो, पुढचा माणूस त्या फोटोवरून काढतो, त्याच्या चित्रावरून तिसरा लिहितो, आणि पाच पायांचं हरीण विद्वत्तेत कायमचं चरत राहतं. स्वीडनमध्ये तानुमची कोरीव चित्रं लोकांना दिसावीत म्हणून लाल रंगानं भरली गेली. नॉर्वेतल्या आल्टामध्येही एके काळी तसंच केलं, पण पुढं त्यांनी तो रंग काढायला घेतला. रंगवायला दिवस लागतो, आणि काढायला वर्षं लागतात, तेही दगडाला धक्का लागू न देता. कुणाला शंका असेल तर त्यानं आल्टाकडे बघावं.

या सगळ्या विद्येचा एक जुना मानकरी डॉक्टर होता, हे मला फार आवडतं. क्लोरोफॉर्मची गुंगी देऊन बाळंतपणाच्या वेदना हलक्या करणारा एडिंबरोचा सर जेम्स यंग सिम्प्सन. त्यानं स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या दगडांवरच्या वाट्या आणि वर्तुळं नोंदवून १८६७ मध्ये त्यांच्यावर अख्खा ग्रंथ काढला. त्याच स्कॉटलंडमध्ये २०१७ ते २०२१ या काळात एक मोठा प्रकल्प झाला, आणि त्यात दगड शोधून त्रिमिती नोंद करण्याचं काम बरंचसं गावोगावच्या स्वयंसेवकांनी केलं. तिथल्या कितीतरी खुणा लागवडीच्या जंगलांत आहेत. झाडं तोडायला येणारी यंत्रं दगडावरून जातील की बाजूनं, हे नकाशावर खूण आहे की नाही यावर ठरतं.

पणसायमळच्या पाटावर बैल पुष्कळ आहेत. हरणं आहेत, मोर आहे, पावलांचे ठसे आहेत, दगडात पाडलेल्या वाटीएवढ्या खळग्या आहेत. एक स्त्री-आकृती आहे, जिच्याकडे प्रसवणारी माता म्हणून पाहिलं जातं. आणि तो चक्रव्यूह. क्रीट बेटावरच्या क्नोसोसच्या नाण्यांवर असतो त्याच जातीचा. आपल्याकडे चक्रव्यूह म्हटलं की अभिमन्यू आठवतो, आत शिरता येणं आणि बाहेर पडता न येणं. पण या आकृतीत खरं तर चुकायला जागाच नाही. वाट एकच आहे. ती फक्त लांब आहे, आणि मध्याच्या अगदी जवळ नेऊन पुन्हा दूर नेते. ज्यानं ती कोरली त्याला आधी ती मनात पूर्ण यावी लागली असणार, कारण जांभ्यात चुकलेली रेघ पुसता येत नाही.

वय किती, हा प्रश्न सगळे विचारतात, आणि त्याचं एकमतानं दिलेलं उत्तर आजही नाही. कोळशावरून, हाडावरून काळ काढता येतो, कारण त्या एके काळी जिवंत असलेल्या वस्तू. दगडातल्या खोबणीत जिवंत काही नसतं. मग शैली बघायची, कोणते प्राणी आहेत ते बघायचं, आसपास दगडी हत्यारं मिळतात का ते बघायचं. पणसायमळच्या बाबतीत मध्याश्मयुगापासून नवाश्मयुगापर्यंत आणि त्याच्याही अलीकडे-पलीकडे मतं गेली आहेत. हा प्रश्न जेव्हा सुटेल तेव्हा तो नीट केलेल्या नोंदींवरूनच सुटेल. कुशावतीच्याच खोऱ्यात काजूरला ‘दुधाफातर’ नावाचा कोरीव खुणांचा दगड आहे आणि तो लोकांच्या पूजेतला आहे. उत्तरेला सत्तरीत म्हाऊसला झर्मे नदीच्या पात्रातल्या खडकांवर वशिंडाचे बैल कोरलेले आहेत. गोव्याच्या नद्यांनी अजून काय पोटात ठेवलंय कोण जाणे.

गोव्याहून उत्तरेला, सिंधुदुर्ग ओलांडून रत्नागिरीत शिरलं की झाडी सरते आणि सडे सुरू होतात. सडा म्हणजे जांभ्याचं पठार. फ्रान्सिस बुकाननला मलबारात हाच दगड भेटला होता आणि १८०७ मध्ये त्यानं त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून नाव दिलं, कारण तिथले लोक तो विटेसारखा कापून घरं बांधत होते. कोकणातही तेच. खाणीतून काढला की हा दगड मऊ असतो, चिरा कापता येतो, आणि वारा लागला की कठीण होतो. कोरणाऱ्यांना आणि घर बांधणाऱ्यांना तो एकाच गुणामुळं आवडला. पुढं घोळ झाला तो याच गुणामुळं.

रत्नागिरी-निवळी भागातली एखाददुसरी खोदचित्रं विसाव्या शतकाच्या शेवटी नजरेत आली होती. सिंधुदुर्गात हिवाळे आणि कुडोपीची चित्रं सतीश लळीत यांनी या शतकात अभ्यासकांपुढं ठेवली. कुडोपीच्या जागेला लोक ‘बाहुल्यांचं टेंब’ म्हणत आले आहेत. टेंब म्हणजे उंचवटा. या नावावर मी पुष्कळदा अडकतो. कोरणारे कोण होते हे विसरलं गेलं, कशासाठी कोरलं हेही विसरलं गेलं, पण इथं बाहुल्या आहेत हे जमिनीच्या नावात राहिलं. महसुली दप्तराच्या कितीतरी आधीची ही नोंद. इतर ठिकाणी जे पांडवांच्या किंवा राक्षसांच्या खात्यावर जमा होतं, तेही एका अर्थी जपणंच होतं. पांडवांचं चित्र कुणी सहज फोडत नाही.

खरं मोठं काम सुरू झालं ते २०१२ च्या सुमारास. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई हे रत्नागिरीचे. रिसबूड पेशानं अभियंते, ठाकूरदेसाई भूगोलाचे प्राध्यापक. कुणाच्या हुकमावरून ते निघाले नव्हते. निसर्गाची ओढ होती, सडे पायाखालचे होते, आणि आधी दिसलेल्या दोन-तीन चित्रांमुळं आणखी असतील असा संशय होता. सुट्टीच्या दिवशी दुचाकीवर निघायचं, गावात पोचायचं, म्हाताऱ्यांना विचारायचं, गुराख्यांना विचारायचं, आणि चालायचं. शाळांत जाऊन मुलांना सांगायचं, घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा. पुढं लोक स्वतःहून फोटो पाठवू लागले. २०१८ मध्ये या कामाची बातमी जगभर गेली तेव्हा ५२ गावांच्या परिसरात चित्रं सापडलेली होती, आणि त्यांतल्या जेमतेम पाच गावांना आपल्याकडे असं काही आहे याची जाणीव होती. या दोन आकड्यांमधलं अंतर त्या तिघांनी चालून काढलं. त्यानंतर मोजदाद वाढतच गेली. आज हजाराच्या कितीतरी वर आकृत्या नोंदल्या गेल्या आहेत.

कशेळीचा हत्ती त्यांतला सगळ्यात थोरला, सुमारे अठरा मीटर लांब. जमिनीवर उभं राहून तो हत्ती आहे हे कळत नाही. तुम्ही त्याच्या पोटावरून चालत असता. त्याच्या अंगाच्या रेघेच्या आत इतर प्राणी, मासे, पाखरं यांची गर्दी आहे. या नोंदीला ड्रोन लागला, कारण वर चढून बघायला सड्यावर झाडही नसतं. आणि मग प्रश्न पडतो, ज्यांच्याकडे वरून बघायची सोय नव्हती त्यांनी अठरा मीटरचं प्रमाण कसं सांभाळलं? दोरी आणि खुंटी वापरली असेल. म्हणजे आज नोंद करणाऱ्यांनी दोरी ताणली तेव्हा पहिल्या कोरणाऱ्यांचंच एक काम उलट दिशेनं पुन्हा झालं.

देवूडला गेंडा आहे. कोकणात गेंडा आजच्या माणसानं पाहिलेला नाही. पण गुजरातेत लांघणजला ह. धी. सांकळियांच्या उत्खननात अश्मयुगीन माणसांच्या वस्तीत गेंड्याचं हाड मिळालं होतं, तेव्हा पश्चिम भारतात तो होता हे पक्कं. बारसूच्या सड्यावर एक माणूस दोन वाघांच्या मध्ये उभा आहे. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ चौकोनी नक्षीचा भलामोठा पट आहे. देवाचे गोठणे, जांभरूण, रुंढे तळी, उक्षी. उक्षीच्या गावकऱ्यांनी आपल्या हत्तीभोवती कठडा बांधला, बघायला उंचवटा केला. शेतीची कामं, नांगर, धान्य यांपैकी काही या चित्रांत दिसत नाही. प्राणी मात्र दोन्हीकडचे, रानातले आणि समुद्रातलेही. पाकट आहे, शार्क आहे, कासव आहे. यावरून ही शिकार करून, मासे धरून जगणाऱ्यांची कामं असावीत असं राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे डॉ. तेजस गर्गे आणि इतर अभ्यासक मानतात, आणि काळ दहा हजार वर्षांपलीकडे नेतात. सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत झालेल्या उत्खननात दगडी हत्यारं मिळाली, त्यामुळं माणूस तिथं फार आधीपासून वावरत होता याला आधार मिळाला. कोरणारा आणि हत्यारं टाकून गेलेला माणूस एकच होता का, हे अजून जोडायचं आहे.

या सड्यांकडे आमच्या बाजूची माणसंही शतकानुशतकं जात आली आहेत. फलटण-माणच्या दुष्काळी टापूतले धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि उन्हाळ्यात परततात. भाताची कापणी झालेल्या खाचरांत मेंढरं बसवायची, खतापोटी धान्य घ्यायचं, हा त्यांचा जुना व्यवहार. काळ्या दगडाच्या मुलखातून तांबड्या दगडाच्या मुलखात जाणारी ही वाट चालताना त्यांच्या किती पिढ्यांनी कातळावरच्या या आकृत्या ओलांडल्या असतील. त्यांना कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. विचारायला हवं.

कारण कोण कशासाठी चालत होता आणि त्याला काय दिसलं, याचा या इतिहासात फार मोठा वाटा आहे. १९५७ मध्ये विष्णू श्रीधर वाकणकर, उज्जैनचे आपले हरिभाऊ, आगगाडीतून चालले होते. खिडकीतून डोंगरातले खडक दिसले आणि त्यांना वाटलं इथं चित्रं असणार. ते रानात शिरले, आणि भीमबेटका जगाला कळलं. ते मुळात चित्रकार, त्यामुळं त्यांनी हातानं उतरवून घेतलेल्या नकला हा एक वेगळाच ठेवा आहे. २७ जानेवारी २००७ ला अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांचे निसर्गप्रेमी सोबती सातपुड्यात, धारूळच्या उत्तरेच्या जंगलात हिंडत असताना त्यांना चित्रांची गुहा सापडली. पुढच्या पाच वर्षांत त्यांनी शंभराच्या वर शैलाश्रय नोंदले. त्यांत रंगवलेली चित्रं आहेत आणि कोरलेल्या खुणाही. तिथला पहारा अस्वलांचा आणि मधमाश्यांच्या पोळ्यांचा. पाखरं बघणारे, लांडगे मोजणारे, आगगाडीच्या खिडकीशी बसलेले. पुरातत्त्व खात्याचा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पोचतो. त्यात खात्याला कमी लेखायचं नाही. पण पहिल्या दिवशीच्या माणसाला काय करावं आणि काय करू नये हे ठाऊक असणं किती मोलाचं आहे, ते यावरून दिसतं. हात लावू नये, खडू भरू नये, जागेची खूण घ्यावी, फोटोत मापासाठी पट्टी ठेवावी.

आणि घाई करावी. जांभ्याचा चिरा आज यंत्रानं कापतात. फिरती पाती सड्यावर रुळावरून सरकते आणि एका दिवसात जेवढं कापते तेवढं कापायला पूर्वी पाथरवटांच्या टोळीला हंगाम लागायचा. चिरेखाण, आंब्याची नवी बाग लावायला सुरुंगानं फोडलेले खड्डे, रुंदावणारा रस्ता, बंगल्याचं कुंपण. यांतलं काहीही वाईट हेतूनं होत नाही. ज्याच्या मालकीचा सडा, त्याला तो एरवी काय देतो? खडकावर पीक येत नाही. शासनाच्या कागदावर ही जमीन पडीक. पावसात या पडीक जमिनीवर सोनकी, सीतेची आसवं यांचे गालिचे अंथरतात, आणि दीपकाडीसारखं कोकणाबाहेर क्वचितच दिसणारं फूल फुलतं. पण त्याला कागदावर रकाना नाही. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं, गावकरी उन्हात आडवे झाले, आणि त्या वादात कातळशिल्पांचं नाव पहिल्यांदाच घराघरांत गेलं. पोर्तुगालमध्ये कोआ नदीच्या खोऱ्यात असंच झालं होतं. धरणाचं काम चालू असताना अश्मयुगीन कोरीव चित्रं पुढं आली, लोक उठले, १९९५ मध्ये नव्या सरकारनं धरण थांबवलं, आणि १९९८ मध्ये ते खोरं जागतिक वारशात गेलं. मला बारसूच्या प्रकल्पाच्या बाजूचं किंवा विरुद्धचं अर्थकारण इथं मांडायचं नाही. एवढंच सांगायचं आहे की तिथं आधी नोंद झालेली होती म्हणून वाद तरी होऊ शकला. नोंद नसती तर वाद कशाबद्दल घातला असता?

२०२२ मध्ये कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सात रत्नागिरीतली, एक कुडोपी, आणि नववं आपलं पणसायमळ. १९९३ च्या त्या मे महिन्यातली नोंद एकोणतीस वर्षांनी रत्नागिरीच्या दुचाकीवाल्यांच्या नोंदींशेजारी एकाच कागदावर आली. तात्पुरती यादी म्हणजे दारातली रांग. आत जायला प्रत्येक ठिकाणचा तपशीलवार आराखडा लागतो, हद्दी लागतात, जमीनमालकांशी करार लागतात, आणि रोज तिथं जाऊन बघणारं माणूस लागतं.

पणसायमळला मी संध्याकाळपर्यंत थांबलो होतो. नदीपलीकडच्या झाडांतून ऊन खाली आलं तेव्हा काही मिनिटं चक्रव्यूहाची रेघ पूर्ण उठली. बोटानं तिच्यावरून जायचा मोह झाला. त्याऐवजी हवेतच बोट फिरवत वाट धरली, आत, मागे, पुन्हा आत, आणि मध्याशी पोचायच्या आधीच सावली पाटभर पसरली. ते जे राहिलं ते नंतर कागदावरच्या नकाशात पूर्ण केलं.

बोरामणीला आता पाऊस झाला की गवत गुडघ्याला लागेल. मेंढरं त्यातून जातील आणि दगड दिसणार नाहीत. कुणी विचारलं कुठं आहे, तर आता दाखवता येईल: माप आहे, जागेची खूण आहे, आणि कागदावर एकात एक पंधरा फेरे काढलेले आहेत.